दहाच्या आत

आनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच गाडीची साखळी पुसत होतो. त्याच्याच म्हणजे आमच्याच. दीडशे सीसीची ही जुनी मोटरसायकल आम्हा दोघांत मिळून एक होती. पंधरा दिवस मुरगूडला त्याच्या पडवीत आणि पंधरा दिवस कोल्हापुरात माझ्या जिन्याखाली. सकाळचे साडेसात वाजले असतील. फोनवर सुमनवहिनी होत्या, त्याची बायको. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. गावच्या दूध संस्थेत सकाळचं दूध घेता घेता छातीत कळ आली, तो खुर्चीत बसला, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. दोनच दिवसांपूर्वी या माणसाने टायरमध्ये हवा किती ठेवायची यावरून फोनवर अर्धा तास माझं डोकं खाल्लं होतं... मी फडका हातात धरून तसाच बसून राहिलो.

आता महिना उलटून गेला. गावात अजून काही शहाणे म्हणतात की पन्नाशीला गाड्या पळवायचं खूळ घेतलं, त्यानं घात केला. त्यांना माझं एकच सांगणं आहे. हृदयाचं दुखणं आनंदाच्या घराण्यात होतं. त्याचे वडीलही असेच गेले, आणि त्यांनी सायकलसुद्धा कधी जोरात मारली नव्हती. गाडीनं आनंदाला मारलं नाही. गाडीनं त्याला शेवटच्या सहा वर्षांत असं काही हसवलं की तसं हसताना मी त्याला कॉलेजातही पाहिलं नव्हतं.

संस्थेत तो दुधाची फॅट काढायचा. तीस वर्षं एकाच यंत्रापुढे बसून त्याने कुणाला एक पॉइंट जास्त दिला नाही की कुणाचा एक पॉइंट मारला नाही. सख्खा चुलता एकदा म्हणाला, जरा वाढवून लिही की. आनंदा म्हणाला, "म्हशीला सांगा." चुलत्याने दोन महिने त्याच्याशी बोलणं टाकलं. शोकसभेत जो तो उठून याच सचोटीबद्दल बोलत होता. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. दोन शब्द बोला म्हणून मला आग्रह झाला, पण मी उठलो नाही. त्याला कारण आहे, आणि ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

सुरुवात अशी झाली. शहराबाहेर गाड्यांच्या शर्यतीचा एक छोटा ट्रॅक आहे. तिथे अधूनमधून ट्रॅक डे असतो, म्हणजे शर्यत नव्हे. आपली गाडी घेऊन यायचं, नाव नोंदवायचं, आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांत मनसोक्त पळवायची. एका रविवारी आम्ही दोघे सहज बघायला गेलो. मोठमोठ्या गाड्या सरळ रस्त्यावर कानठळ्या बसवत सुटत होत्या. त्यांच्यात एक पोरगी आपल्या गल्लीत दिसते तसल्या दीडशे सीसीच्या गाडीवर होती. सरळ रस्त्यावर ती मागे पडायची आणि वळणात शिरली की पुढच्याला आतून अलगद कापून जायची. आनंदाने माझा खांदा इतका दाबला की दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिताना दुखत होता. "वश्या, ही आपली गाडी हाय," तो म्हणाला. पुढच्या ट्रॅक डेला आम्ही नोंदवून मोकळे झालो.

गाडी एक, म्हणून एकाने चालवायची आणि दुसऱ्याने भिंतीपाशी उभं राहायचं. कातडी सूटही एकच होता, जुना, कुणाकडून तरी मिळालेला. आनंदाला त्याची चेन लावताना श्वास कोंडायचा आणि माझ्या अंगावर तो धुणं वाळत घातल्यासारखा लोंबायचा. फेरी संपली की गाडीच्या आडोशाला उभं राहून आम्ही घाईघाईने सूट बदलायचो. आतून तो दुसऱ्याच्या घामाने चिंब असायचा, आणि बाकीची तरणी मंडळी आमच्याकडे बघून पोट धरून हसायची. मग भाकरी आणि वहिनींनी कुटून दिलेला खर्डा निघाला की तीच मंडळी आमच्याभोवती गोळा व्हायची.

पहिल्या फेरीत आनंदाने जे केलं ते अजून तिथे सांगतात. ट्रॅकवर आरसे काढून ठेवावे लागतात. मागून येणाऱ्याने आपलं बघून पुढे जायचं, पुढच्याने आपली वाट सोडायची नाही, असा तिथला नियम. आणि हात वर केला तर त्याचा अर्थ माझ्या गाडीला काहीतरी झालंय, मी थांबतोय. हे सगळं सकाळी नीट समजावून सांगितलं होतं. पण आनंदाचा जन्म मुरगूडच्या रस्त्यावर दुधाच्या गाड्यांना वाट देण्यात गेलेला. मागे मोठ्या गाडीचा आवाज आला की हा डावीकडे सरकायचा आणि हात उंच करून 'या पावणं, पुढं व्हा' अशी खूण करायचा. त्यामुळे मागचे सगळे ब्रेक दाबायचे. याला वाटायचं लाजतायत, म्हणून हा आणखी जोरात हात हलवायचा. शेवटी झेंडा दाखवून त्याला बाहेर काढावं लागलं. "मी मान देत हुतो की," असं तो अगदी मनापासून सांगत होता. तिथल्या शिकवणाऱ्याला हसू आवरेना.

पण त्यानंतर त्याने जी प्रगती केली ती बघण्यासारखी होती. मी भौतिकशास्त्राचा मास्तर. वळणात गाडी किती कलते, का कलते, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगू शकतो. आनंदाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्याला ते लागतही नव्हतं. छोट्या गाडीत ताकद नसते, म्हणून एकदा मिळालेला वेग सोडायचा नसतो, ही सगळी विद्या त्याच्या मनगटात आपोआप उतरली. सरळ रस्त्याच्या शेवटी मोठ्या गाड्या ब्रेक दाबायच्या तिथे हा अजून रेस पिळलेलीच ठेवायचा. मग एकदम खाली एक गियर, गाडी आडवी, गुडघा जमिनीला घासतोय, इंजिन जिवाच्या आकांताने ओरडतंय, आणि तेवढ्यात तो वळणातून बाहेर पडून पुढच्या वळणाच्या तोंडाशी पोचलेलासुद्धा असायचा! भिंतीपाशी माझे पाय एका जागी राहत नसत. तीस वर्षं शाळेत पोरांना 'नीट उभे राहा' म्हणणारा मी तिथे पोरांसारखा उड्या मारत असे. आणि माझी पाळी आली की तोही तसाच. आम्ही ट्रॅकवर एकत्र कधीच पळालो नाही. एकाने दुसऱ्याला बघायचं, हाच आमचा खेळ होता, आणि त्यातच खरी मजा होती.

बघणाऱ्याच्या हातात शाळेतून आणलेलं स्टॉपवॉच असायचं. बाकीच्यांच्या गाड्यांना वेळ मोजायची साधनं लावलेली, आमचा कारभार अंगठ्यावर. फेरी संपल्यावर त्यातल्या सर्वांत चांगल्या चकरीची, म्हणजे ट्रॅकभोवतीच्या एका वळशाची, वेळ सांगायची, आणि ज्याच्या हातात घड्याळ त्याचा शब्द शेवटचा, असं ठरलेलं. आमची दोघांची गाडी एक मिनिट दहा सेकंदांपाशी येऊन अडली होती. दहा पॉइंट सहा, दहा पॉइंट चार, दहा पॉइंट तीन. कधी तो पुढे, कधी मी. दीड वर्ष आम्ही दहाच्या आत जायला धडपडत होतो. वहिनी विचारायच्या की दहाच्या आत गेल्यावर काय मिळतं. आनंदा म्हणायचा, "गेल्यावर सांगतो."

थंडीतल्या त्या रविवारी हवा अशी होती की गाडी नुसती हाताने ढकलली तरी पळेल. पहिल्या फेरीला आनंदा उतरला. चौथ्या चकरीत शेवटच्या वळणातून तो बाहेर आला तेव्हाच आवाजावरून मला कळलं. तो आवाज एकदाही खाली आला नव्हता. तो भिंतीसमोरून गेला, मी अंगठा दाबला, घड्याळाकडे बघितलं. तो दहाच्या आत होता.

मी ओरडायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण पुढची पाळी माझी होती, हवा तीच, टायर तापलेले, आणि मनात आलं की आज मीही जाणार. आधी मी जातो, मग त्याचं सांगतो, दोघं एकाच दिवशी गेलो असं म्हणू... खरं सांगायचं तर एवढाही विचार केला नव्हता. मला पहिला यायचं होतं. बस्स. आनंदा आत येईपर्यंत मी घड्याळ शून्यावर आणलं होतं.

हेल्मेट काढत त्याने विचारलं, "किती?"

"दहा पॉइंट दोन," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाला, आणि सूटची चेन खाली ओढायला लागला.

मी उतरलो आणि दुसऱ्याच चकरीत हावरटासारखी रेस पिळून वळणातच पडलो. गाडी घासत मातीत गेली, मीही तिच्यामागे. खरचटण्यापलीकडे मला काही झालं नाही, पण गाडीचा पाय ठेवायचा पायटा वाकला, क्लचचा दांडा मोडला, आणि दिवस तिथेच संपला. परवानगी मिळताच आनंदा पळत आला. गाडीकडे त्याने बघितलंही नाही. माझे हात, पाय, मान हलवून बघितली आणि मला पाणी पाजलं. मी रडकुंडीला आलो होतो. त्याला वाटलं लागलंय म्हणून. आता गाडी दुरुस्त होऊन पुढच्या ट्रॅक डेला गेलो की तिथेच भिंतीपाशी उभं राहून खरं सांगायचं, असं मी ठरवलं. तो ट्रॅक डे उजाडायच्या आधी आनंदा गेला.

पोरांच्या उत्तरपत्रिकेत मी अर्धा गुण इकडचा तिकडे करत नाही. आणि ज्याने उभ्या आयुष्यात कुणाचा पॉइंट मारला नाही, त्याचा मात्र मी मारला. शोकसभेत मी कुठल्या तोंडाने उठणार होतो?

गेल्या रविवारी गाडी घेऊन मी मुरगूडला गेलो. वहिनी पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बसा की भावजी." मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. घड्याळ, शून्य, दहा पॉइंट दोन, सगळं. त्यांचे हात थांबले नाहीत. माझं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्यास्नी ठावं हुतं."

"कसं?" मी विचारलं.

"त्या दिवशी घरात पाय ठिवला आन् म्हणाले, सुमन, आज दहाच्या आत गेलो. मी इचारलं, भावजींनी सांगितलं व्हय? तर म्हणाले, त्यो न्हाय बोलला. पर मला गाडीवरच कळालं, आन् मग त्याच्या तोंडावर बी दिसलं."

मग त्याने मला तिथेच का धरलं नाही, का विचारलं नाही, असं मी वहिनींना म्हणालो. माझा आवाज चढला होता, जसं काही चूक त्याचीच होती.

"मी बी त्येच म्हटलं," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणाले, पुन्हा इचारलं असतं तर त्याला दुसऱ्यांदा खोटं बोलाय लागलं असतं."

मग मी त्यांच्यासमोर बसलो आणि शेंगा फोडू लागलो.

आनंदाची वेळ एक मिनिट, नऊ पॉइंट सात. घड्याळ माझ्या हातात होतं.