लख्ख घासलेली भट्टी

"काजळी कुठे गेली?" फियोनाने विचारलं.

"साफ केली!" मी अभिमानाने सांगितलं.

एडिनबराबाहेर नवी घरं होणार होती. त्याआधी जमीन खणून जुने अवशेष आहेत का ते तपासायचं काम आमचं. तिथे दगडांनी बांधलेला गोल खड्डा सापडला, त्याला जोडून अरुंद दगडी बोगदा. फियोना माझी बॉस. तिच्या मते ही धान्य वाळवायची जुनी भट्टी. इथल्या ओल्या हवेत ओट्स शेतात धड वाळत नाहीत. म्हणून बोगद्याच्या तोंडाशी जाळ करायचा, गरम हवा खड्ड्यावर पसरलेल्या धान्याला लागते. पुरावा म्हणजे काजळी आणि जळके दाणे. आणि फोटोत छान दिसावं म्हणून मी, म्हणजे पुरातत्त्वात एमए झालेल्या बाईसाहेबांनी, बोगदा ब्रशने लख्ख केलेला!

बिल्डरचा मॅनेजर खूश. "काजळी नाही, म्हणजे सांडपाण्याचं ड्रेनच. उद्या सकाळी डिगर मशीन येईल, बुजवून टाकू."

फियोना ओरडली नाही. ते जास्त वाईट. "खरवडलेलं टाकलंस कुठे?"

"घरी नेलं. भांडी घासायला."

फुकटची बारीक राख कोण सोडतं?

धावत घरी गेले. "अहो, सिंकखालच्या राखेला हात लावू नका!"

"कुकर घासून झाला," हे म्हणाले. "काय चकाकतोय बघ!"

उरलेली राख बादलीभर पाण्यात ढवळली. माती खाली बसते, जळका दाणा तरंगतो. चहाच्या गाळणीत काळे ओट्स आले! पण सिंकखालचा पुरावा रिपोर्टमध्ये चालत नाही. मग आठवलं, माझा हात आखूड. ब्रश हातभरच आत गेला होता, पुढची काजळी शाबूत असणार.

सकाळी डिगर घुरघुरत उभा. मी वरण वाढायचा डाव काठीला बांधून आणलेला. चिखलात पालथी पडले आणि सगळ्यांसमोर बोगद्याच्या आतल्या टोकाची काळी माती ओढून काढली. फियोनाने पाण्याची बादली पुढे केली. दाणेच दाणे वर आले.

मॅनेजर वाकला. "हे काय?"

"तुमचं ड्रेन," मी म्हणाले. "ओट्स वाहून नेणारं."

फियोना इतकी हसली की तिचं हेल्मेट बादलीत पडलं.

डिगर परत गेला. कौन्सिलने दोन घरं बाजूला सरकवायला लावली. भट्टी अजून तिथेच आहे, शेजारी बोर्ड आहे. नातीला दाखवते, फक्त कुकरचा भाग गाळून.

हातातलं काम अर्धवट सोडू नये, असं आई सांगायची. त्या बोगद्यापुरती आई चुकली.