मामाजींचा निळा डोळा

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात, थंड आणि तापलेल्या, आणि हात लावून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नसतो. मामाजी जन्मभर लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तिथे उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. पॅनलमध्ये लाल दिसलं की बिघाड, निळं दिसलं की ठणठणीत. निवृत्त झाल्यावर कॅमेरा कारखान्यात राहिला आणि सवय घरी आली. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही. मनगट धरून पाहिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "पोरगा थंड हाये वं, चालते!"

साखरपुड्याला ही मंडळी आमच्या उमरखेडला निघाली. आर्णीला बस थांबली तेव्हा मामाजींनी खाली उतरून बॉनेटला हात लावला, "हे गाडी उमरखेडले पोचत नाही," असं जाहीर केलं आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहत तिथेच बसले. पहिली गाडी वेळेवर पोचली. नवरीचा बाप मात्र पेढे वाटून झाल्यावर आला, आणि आल्या आल्या त्या ड्रायव्हरचीच चूक काढायला लागला.

अशा माणसाला काचबिंदू झाला. एक डोळा आधीच गेला होता, आणि ते त्यांनी बरेच दिवस कोणाला सांगितलं नव्हतं, कारण हाताला तो थंडच लागायचा! दुसऱ्याचं मागच्या उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. डोळ्यात साचणारं पाणी निघून जावं म्हणून वरच्या पापणीखाली एक बारीक वाट करतात. ती नीट वाहत असली की तेवढी जागा थंड दिसते, बुजायला लागली की थंडावा जातो. म्हणून डॉक्टर मॅडम नेहमीच्या तपासणीबरोबर उष्णतेच्या कॅमेऱ्यानेही फोटो काढून पाहत होत्या. तो कॅमेरा दिसताच मामाजी पेशंट राहिलेच नाहीत. "मॅडम, आपून एकाच लाइनीतले!" म्हणाले.

डोळा थंड राहावा म्हणून घरात ठेचा बंद झाला, टीव्हीवरच्या बातम्या बंद झाल्या, आणि मामाजी फ्रिज उघडून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागले. "ह्या माणसाले डोया हाये का ट्रान्सफार्मर?" असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत.

पुढच्या तपासणीला मी त्यांना स्कूटरवरून नेलं. ऊन मी म्हणत होतं. डोक्याला दुपट्टा होता, तो तर इथे सगळेच बांधतात. दवाखान्याच्या फाटकाशी ते रांजणावर पाणी प्यायला थांबले, तेव्हाही मला काही वाटलं नाही. आत त्यांनी दुपट्टा सोडला, फोटो निघाला. डोळा निळा, कपाळ निळं, नाकसुद्धा निळं.

"काका, जिवंत माणसाचं कपाळ एवढं थंड नसतं," मॅडम म्हणाल्या. "काय केलं?"

खुर्चीवरच्या दुपट्ट्यातून पाणी टपकत होतं.

"डोयात थेंब नाही जाऊ देला मॅडम. वरूनच थंडा केला."

मॅडम चांगल्याच रागावल्या, आणि त्यांच्या अंगाचा गारवा जाईपर्यंत आम्हाला बाकावर बसवलं. मला हसू आवरत नव्हतं. मामाजी मात्र बाकाला, भिंतीला, कशालाच हात लावत नव्हते.

"जवाईबापू," ते हळूच म्हणाले, "लाल आलं त घरी सांगू नका. हा बी डोया गेला त काय करू? तुमच्या सासूले का मी हात लावून ओयखू?"

माझं हसू तिथेच संपलं. मी त्यांचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता, आणि हा माणूस मला किती हवा आहे ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या फोटोत कपाळ चांगलं लालभडक आलं, आणि पापणीखाली तेवढा एक निळा ठिपका. मॅडमनी डोळ्याचा दाबही मोजला आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. "म्या सांगतलंच होतं," मामाजी म्हणाले, आणि घरी येईपर्यंत मला स्कूटरचं इंजिन तापल्याचं ऐकवत राहिले.

दार सासूबाईंनी उघडलं. स्वयंपाकघरातून आल्या होत्या, चेहरा घामाने डबडबलेला होता. "काय म्हणे डॉक्टरीण?" त्यांनी विचारलं. मामाजी उंबऱ्यातच उभे राहिले.

"असे काय पाहून राह्यले? तापली हाये का मी?"

मामाजींनी हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून नुसते पाहत राहिले.