आठ वाजता नेटला प्रेशर नसतं

आमच्या गल्लीतल्या पाणीपुरवठ्याच्या काकांइतका इंटरनेटवर मनापासून रागावणारा माणूस लातूर-नांदेड पट्ट्यात दुसरा सापडणार नाही, आणि इंटरनेट म्हणजे नळाचं पाणीच आहे असं मानून त्याच्याशी वागणारा तर कुठेच सापडणार नाही. काकांची सगळी नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात गेली. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा, कुणी नळाला चोरून मोटार लावली, हे पाहण्यात त्यांचे केस पिकले. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येतं असं सांगणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर निवडणुकीला उभा असतो. त्यामुळे काकांना शहरातल्या प्रत्येक घरातून कधी ना कधी शिव्या मिळालेल्या आहेत. फक्त भूकंपाच्या वेळी टँकर घेऊन ते किल्लारीकडे महिनोन्‌महिने होते, तेवढ्या काळात त्यांना कुणी वाईट बोललं नाही. "लोकांचं घर पडलं हुतं, पर मला 'च्या घ्या' म्हणायचे," एवढंच ते त्याबद्दल सांगतात आणि विषय बदलतात.

त्या भूकंपानंतर ही गल्ली वसली. स्लॅबच्या घराखाली झोपायची लोकांची छाती होत नव्हती, म्हणून सगळ्यांनी पत्र्याची बसकी घरं बांधली. पुढे लातुरात क्लासचं पीक आलं. दहावी झालेलं पोर निलंग्यातून, रेणापुरातून, नांदेडातून, कुठून कुठून डॉक्टर व्हायला इथे यायला लागलं आणि त्या पोरांना खोल्या लागायला लागल्या. मग जे लोक भूकंपाच्या भीतीने जमिनीला चिकटले होते, त्यांनीच भाड्याच्या आशेने चार-चार मजले चढवले. आता गल्लीत एकच पत्र्याचं घर उरलंय, काकांचं. मी चार घरं सोडून मेस चालवते. पोरं मला मावशी म्हणतात, काका ताई म्हणतात, आणि गॅसची गाडी वेळेवर आली नाही की मी काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर काकांचं नेट. रोज संध्याकाळी आठ वाजता गल्लीतली झाडून सगळी पोरं खोलीत बसून क्लासची रेकॉर्ड केलेली लेक्चरं लावतात, आणि काकांच्या घरी त्याच वेळी नेट गुदमरतं. "आठ वाजता प्रेशर नसतं," असं काका सांगतात. त्यांच्या मते यावर उपाय एकच, भल्या पहाटे उठून भरून ठेवणं. त्याप्रमाणे ते पहाटे उठून दिवसभराचं कीर्तन, हवामान, बाजारभाव आणि बातम्या फोनमध्ये उतरवून घेतात. दुपारी ताज्या बातमीवर गप्पा चालल्या असल्या की काका पहाटेची बातमी सांगतात. कुणी हसलं तर म्हणतात, "शिळी हाय, पर घरात भरलेली हाय. तुमच्यावानी तोटीखाली बादली धरून बसलो न्हाई मी." फोन भरून गेला की "टाकी ओव्हरफ्लो झाली" म्हणून आधी ते कीर्तन सोडून देतात, बाजारभाव नाही. काकूंच्या मते यातून माणूस कळतो.

राउटर त्यांनी पत्र्याच्या आढ्याजवळ टांगला, कारण टाकी उंच असली की खाली धार चांगली पडते. उन्हाळ्यात पत्रा तापला, राउटर तापला, तेव्हा त्याला रांजणासारखं ओलं फडकं गुंडाळलं. राउटर थंड झाला तो कायमचा. कंपनीचा माणूस तो मेलेला डबा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत होता. "काका, ह्याच्यात पाणी कसं गेलं?" काका म्हणाले, "तेच तर म्हणतो, पाणी गेलं, नेट का येत न्हाई?"

या कंपनीच्या माणसाबद्दल काकांना फार आदर आहे. तक्रार केली की तो बरोबर सकाळी अकरा वाजता येतो. त्या वेळी पोरं क्लासला गेलेली असतात आणि गल्लीत फक्त कुत्री आणि घरमालक असतात. नेट घोड्यासारखं पळतं. तो फोनवर वेग मोजतो, आकडा भरघोस येतो, आकड्याचा फोटो काढतो आणि तक्रार मिटली असं लिहून जातो. मी असते तर त्याला फोटोसकट गल्लीबाहेर काढलं असतं. काका त्याला चहा पाजतात. "पोरगं हुशार हाय, ताई. टाकीच्या बुडाला उभं राहून प्रेशर मोजायलंय. आम्ही पण साहेब आले की तितंच मोजायचो."

फोनवरच्या तक्रार केंद्राशी तर त्यांचं नातंच जडलं आहे. तिथली मुलगी सांगते, "सर, राउटर बंद करून परत चालू करा." काका तिला विचारतात, "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी जिंदगीभर लोकांना हेच सांगत आलो. नळ बंद करा, थोड्या टायमानं उघडा." ती म्हणते, "सर, तुमच्या एरियात काम चालू आहे." काका म्हणतात, "हे पण आमचंच." एकदा कंटाळून ती मुलगी विचारती झाली, "सर, मग तुम्ही लोकांना शेवटी काय सांगायचात?" काकांनी मोठ्या मनाने सांगून टाकलं, "वरूनच कमी आहे म्हणायचं. वर कोण हे कुणी विचारत न्हाई." पुढच्या तक्रारीला दुसऱ्याच मुलीने फोन उचलला आणि म्हणाली, "सर, वरूनच लोड आहे." काका दिवसभर खुशीत होते.

त्यांनी कंपन्याही बदलून पाहिल्या. पण दर वेळी नवीन कंपनीचा माणूस त्याच खांबावर चढतो आणि त्याच डब्यात हात घालतो. "टाकी एकच हाय. आपण खामखा तोट्या बदलायलोत," असं त्यांनी जाहीर केलं, आणि टाकीचा मालक गाठायला एसटीने थेट नांदेडला कंपनीच्या मोठ्या ऑफिसात गेले. तिथला साहेब म्हणे त्यांना थंड खोलीत बसवून, पाणी देऊन, अतिशय गोड आवाजात म्हणाला, की संध्याकाळी सगळेच वापरतात, आपण काय करणार. परत आल्यावर काका मला म्हणाले, "माणूस माझ्याच तालमीतला निघाला. काम काही करायचा न्हाई, पर आलेला माणूस भांडून जाणार न्हाई. असं खातं पाहिजे."

यानंतर मात्र त्यांना चैन पडेना. रोज आठला ते तारेकडे बघत गल्लीतून फिरायला लागले, हॉस्टेलच्या दारात उभं राहून "कुणी मोटार लावली का रे?" असं पोरांना विचारायला लागले. एका रविवारी त्यांनी सगळे घरमालक बोलावले आणि नेटची पाळी मांडली. एक दिवस उजव्या हाताची घरं, एक दिवस डाव्या हाताची, क्रम पाण्यासारखाच. कोपऱ्यावरच्या चार मजल्यांच्या मालकाने विचारलं, "काका, मग उजव्या हाताची पोरं डॉक्टर करायची अन्‌ डाव्या हाताची कंपाउंडर, असं का?" सगळे हसले. मीही हसले, वाक्य चांगलं होतं. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्च्या उचलून घरात नेल्या, इतरांची उठायची वाट न बघता.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी कणीक मोजून देत होते.

"ताई, तुमची मेस नऊला सुरू व्हती का?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"आठला करा."

"का?"

"तुमच्या मेसमंदी मोबाईल चालत न्हाई ना?"

तो माझा नियम आहे. एका पोराने लेक्चर बघता बघता आमटी भातावर घालण्याऐवजी शेजाऱ्याच्या पँटवर घातली, तेव्हापासून ताटावर बसायचं तर फोन दाराशी टोपलीत ठेवायचा. काकांचा हिशोब साधा होता. गल्लीतली निम्म्याच्या वर पोरं माझ्याकडे जेवतात. ती आठला ताटावर बसली तर तारेत जागा होईल. मी म्हटलं, "काका, माझ्या बायका सातला पोळ्या लाटायला घेतात. पोरांना नऊची सवय आहे. तुमच्या बाजारभावासाठी मी अख्खी मेस हलवू?" ते "बघा जमलं तर," म्हणून गेले. ज्या माणसाने सगळं आयुष्य अर्जदारांना 'बघू जमलं तर' असं उत्तर दिलं, त्याने ते माझ्यापुढे विनंती म्हणून ठेवलं, हे मला जरा खटकलं. म्हणून संध्याकाळी आठला, एकदाच काय ते नीट "नाही" सांगावं म्हणून, मी त्यांच्या घरी गेले.

काकू फोन समोर धरून बसल्या होत्या. काकूंना गेल्या काही वर्षांत ऐकू येईनासं झालंय, हे मला माहीत होतं. कानाला मशीन लावून पाहिलं, त्यात त्यांना फक्त पत्र्याचा आवाज येतो. आता त्या ओठांवरून ओळखतात, तेही मोजक्या माणसांच्या. त्यांची मुलगी आयर्लंडात एका दवाखान्यात नर्स आहे आणि तिची दुपारची सुट्टी आपल्या आठला होते. फोनमध्ये मुलीचं तोंड अर्धवट उघडं राहून थिजलं होतं. काकू फोनला नाक लावून त्या थिजलेल्या ओठांकडे बघत होत्या. काका स्टुलावर उभे राहून राउटर दोन्ही हातांनी वर धरून होते. आवाज तुटक येत होता, तेवढा ऐकून ते खाली वाकून म्हणाले, "बरी हाय म्हणती."

काकूंनी त्यांच्या ओठांकडे ओझरतं पाहून नजर परत फोनवर नेली. "तुम्ही नगा सांगू. ती घटकाभर बोलती अन्‌ तुम्ही 'बरी हाय' एवढंच करून देता. मला तिच्या तोंडानं पाहिजे."

मग चित्र हललं, मुलीचं तोंड मिटलं, आणि सुट्टी संपली. मी आले कशाला ते काकांनी विचारलं. मी म्हटलं, "आठ म्हणजे नक्की आठ का पाच मिनिटं इकडेतिकडे चालेल?"

यात माझा चांगुलपणा कुणी शोधू नये. माझ्या पोळीवाल्या बायकाही लवकर घरी जायला लागल्या आणि त्यांनी त्याबद्दल काकांना नाही, मला दुवा दिला. पोरं थोडी कुरकुरली. मी दारावर पाटी लावली की गरम पोळी फक्त साडेआठपर्यंत, नंतर सकाळची भाकरी. दोन दिवसांत शिस्त लागली. परीक्षेच्या भीतीने जे होत नाही ते सकाळच्या भाकरीने होतं. खालच्या गल्लीतली मेसही आठला उघडायला लागली, कारण माझ्याकडे काय चाललंय ते न कळता माझ्यासारखंच करायची तिला जुनी सवय आहे.

काकांच्या घरचं चित्र हलायला लागलं. पण चार-दोन पोरं भराभर गिळून लवकर परततात, हे काकांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून ते आठ वाजले की कोपऱ्यावर उभे राहतात आणि परतणाऱ्या पोराला अडवून अभ्यास विचारतात. हृदयात चार झडपा असतात, त्या रक्त मागे जाऊ देत नाहीत, हे एका पोराने सांगितल्यावर काका इतके हरखले की त्यांनी त्याला तेच परत दोनदा सांगायला लावलं. "म्हणजे आमचं खातं आतबी हाय!" आता मूत्रपिंड चालू आहे. पोरं मला म्हणतात, मावशी, काकांमुळे आमची उजळणी होते. होवो. पण या भानगडीत काकांना मुलगी दिसत नाही. मी एकदा म्हटलं, "आज मी उभी राहते, तुम्ही जा." तर म्हणाले, "ती तिच्या आईशी बोलती. माझ्याशी ती इंग्रजी औषधांचंच बोलती."

साडेआठला काका घरी परतले की काकू फाटकाशी येतात आणि सगळं सांगतात. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. त्यामुळे मुलीच्या पायमोज्यांपासून तिच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळं गल्लीला पाठ आहे. काका मात्र पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकतात.

परवा रस्ता खोदताना कुणीतरी तार तोडली. सकाळपासून रात्रीपर्यंत गल्लीत नेट नव्हतं, पोरं वेड्यासारखी झाली होती, माझी मेस आठच्या आधीच भरली. काकाही सवयीने कोपऱ्यावर उभे होते, अडवायला कुणी नसताना. मी पोळ्यांचा डबा द्यायला त्यांच्याकडे निघाले होते. साडेआठला काका घरी परतले, तशा काकू फाटकाशी आल्या.

"वांगी मिळाली म्हणं तिला तितं," त्या म्हणाल्या. "भरीत केलतं. पर भाजायला चूल न्हाई, तर कसल्या तरी पेटीत भाजलं. वास आला म्हणं सगळ्या मजल्याला."

काकांनी एकदा खांबावरच्या तारेकडे पाहिलं. मग काकूंना ओठ दिसावेत म्हणून ते दिव्याखाली आले आणि सावकाश म्हणाले, "तिखट हाय का तिच्याकडं? का इथलं पाठवायचं?"

"ते राहिलंच," काकू म्हणाल्या. "उद्या विचारती मी."