लसअदने सोडलेली संध्याकाळची फेरी

लसअद स्फाक्स ते गाबेस या दोन शहरांमध्ये भाड्याची गाडी चालवायचा. गाडी माणसांनी भरल्याशिवाय हलत नसे, त्यामुळे घरी पोचायची वेळ त्याच्या हातात कधी नसायचीच. तो यायचा तेव्हा मुलं झोपलेली, निघायचा तेव्हाही झोपलेली. सहा वर्षांची शिराज आणि चार वर्षांचा वजदी, दोघं वाढताहेत हे त्याला त्यांचे कपडे आखूड झाले की कळायचं.

एका शुक्रवारी गाडी दुरुस्तीला गेली आणि तो दुपारी घरी जेवायला बसला. त्याच्या बायकोने, मुनियाने, कुसकुसचं, म्हणजे वाफवलेल्या रव्याचं, मोठं ताट मध्ये ठेवलं. वजदी उठला, बैठकीतून पाहुण्यांची मखमली उशी ओढत आणली आणि बापाच्या पाठीशी लावली. मग अगदी अदबीने म्हणाला, "लाजू नका हं. पोटभर जेवा."

मुनियाला हसू आवरेना. लसअदही हसला, पण ती पाहुण्यांची उशी उचलून परत बैठकीत ठेवून आला.

दुसऱ्या दिवशी गाडीतळावर त्याने जाहीर केलं, "आजपासून संध्याकाळची फेरी मी नाही करणार."

"का रे? बायकोने कान पिळला वाटतं?" म्हातारा मोन्जी म्हणाला. त्याची गाडी नेहमी लसअदच्या मागेच उभी असायची.

"पोराने पिळला."

"आठवडाभर टिकशील. मग येशील इथेच, माझ्याशी पत्ते कुटायला."

घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर मुनियाचं शिलाई मशीन आणि शिवायला आलेले नवऱ्या मुलींचे झगे. "हे आता कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?" ती म्हणाली. लसअदने मशीन उचलून झोपायच्या खोलीत नेलं आणि टेबल स्वतः पुसलं.

पहिली संध्याकाळ म्हणजे नुसता गोंधळ. वजदीने पाण्याचा जग लवंडला. हरिसाच्या तिखट मिरची-चटणीचा घास लागला म्हणून शिराजने भोकाड पसरलं. ती शांत झाल्यावर लसअदने विचारलं, "शाळेत काय केलं?"

"काही नाही."

संपलं बोलणं. एवढी वर्षं गाडीतली माणसं मागच्या सीटवर बोलायची आणि तो रस्त्याकडे बघत हुंकार द्यायचा. समोरासमोर बसून काय बोलायचं ते त्याला सुचेना. हात आपोआप फोनकडे गेला. मुनियाने तो काढून घेतला आणि पावाच्या टोपलीत फडक्याखाली ठेवून दिला.

आठवडा असाच ओढत गेला. मग एके दिवशी मुनियाने ब्रिक तळले, पातळ पारीत अख्खं अंडं घातलेले. लसअदने चावा घेतला मात्र, पिवळा बलक मिशीवरून थेट शर्टावर. मुलं खिदळायला लागली.

"बाबा, ज्याचं सांडलं त्याने आज काय झालं ते सांगायचं!" शिराजने तिथल्या तिथे कायदा केला.

मग लसअदने सांगितलं. एका आजीबाईंच्या टोपलीत कोंबडा होता. ब्रेक दाबला की तो आरवायचा. नाक्यावरच्या पोलिसाने कागद मागितले, तर कोंबड्याने असा सूर लावला की पोलीस म्हणाला, "जा बाबा, तुझा वकीलच बोलतोय."

वजदी हसता हसता खुर्चीवरून घसरला. वर आल्यावर त्याने आपला ब्रिक मुद्दाम दाबला, बलक टेबलावर सांडला आणि म्हणाला, "आता मी. मी आज बालवाडीत रडलो नाही." मग त्याने हळूच भर घातली, "म्हणजे थोडाच रडलो."

तो बालवाडीत रडतो हे लसअदला माहीतच नव्हतं. त्याने पोराला मांडीवर घेतलं आणि का रडला ते नीट विचारलं.

त्यानंतर ब्रिक नसले तरी कोणी ना कोणी काहीतरी सांडायचंच. मुनिया कुरकुरायची आणि रोज टेबल पुसायची.

बकरी ईद जवळ आली. अख्खं शहर गावाकडे निघालं. आता संध्याकाळी गाडी काढावीच लागणार होती. लसअदने जीव मुठीत धरून टेबलावर हे सांगितलं.

"मग आपण दुपारीच रात्रीचं जेवू," शिराज म्हणाली.

तसंच ठरलं. भर उन्हात सगळे टेबलाशी बसले. शेजारीण समोरच्या खिडकीतून डोकावली. "काय गं मुनिया, तुमच्या घरी सूर्य लवकर मावळतो वाटतं?"

"आमचा सूर्य गाबेसला जातो ना, म्हणून!" मुनिया म्हणाली.

इतक्यात खाली मोन्जीचा भोंगा वाजला. "लसअद, अरे तळावर तुझी गाडी भरली! माणसं शिव्या घालताहेत!"

वजदी खिडकीशी धावला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "थांबा! बाबांचं अजून सांगून झालं नाही!"