चाचांची सरळ रेघ

आमच्या शेजारच्या चाचांइतका आकड्यांवर जीव लावणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, आणि झाला असेल तर तो परतवाड्यात तरी राहत नव्हता. मोजणीवाले शेताशेतांतून फिरून कागदावर नुसते आकडे आणायचे: ठिपका अमुक, पूर्वेला इतका, उत्तरेला इतका. चाचा ते कम्प्युटरात भरायचे, ठिपके नंबराने जोडायचे आणि पडद्यावर नाला, बांध, रस्ता उभा करायचे. भरताना प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायचे. त्यामुळे भिंतीपलीकडे, माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात, गठ्ठ्यातल्या वह्या मोजताना मी हमखास चुकायचो. तक्रार केली तर म्हणाले, "अरे भाऊ, तुमीबी मोठ्यानं मोजा ना! कोन रोकून राहिलं?" मुलीच्या निकाहात मांडवाचे खांबसुद्धा त्यांनी आधी कम्प्युटरात रोवले, मांडववाला पळून जायचाच बाकी होता. एक खोड मात्र वाईट. वाकडी रेघ त्यांना बघवत नसे.

त्या वर्षांत कापसाने भल्याभल्यांना खाली बसवलं होतं. माझ्या दुकानाच्या पायरीवर फुलं विकणारी मावशी तेवढी तग धरून होती, ती शेतातल्या विहिरीच्या पाण्यावर. शेवंती-झेंडूवर तिचं घर चालायचं. एक दिवस ती नोटीस घेऊन आली. नवा कालवा तिच्या विहिरीवरूनच जाणार होता, आणि नकाशा होता चाचांचा! मी तिला तडक त्यांच्याकडे नेलं.

"माहा नकाशा चुकत नाही," चाचा म्हणाले. पडद्यावर विहिरीपाशी दोन रेघा फुटल्या होत्या. दोन्ही नाल्यावर पोचत होत्या, एक ताठ, एक वळसा घेऊन. "सरळ आहे तो कालवा. वाकडी, ते बैलबंडीची वाट."

"कोनती बंडीची वाट?" मावशी फणकारली. "तिथं बंडी जाईन कशी? तुमचे मोजणीवाले माह्या विहिरीवर जेवले. म्या ठेचा देल्ला त्याइले. मंग जीपनं नाल्यावर गेले, अन् तिकडून मोजत माघारी विहिरीकडे आले."

चाचांचा चेहरा उतरला. जेवणाआधीचा शेवटचा ठिपका विहिरीजवळ, जेवणानंतरचा पहिला थेट नाल्यावर. नंबराने जोडताना दोहोंमध्ये जी रेघ पडली, ती कोणी मोजलेलीच नव्हती. मोजणीवाल्यांनी आखलेला खरा कालवा म्हणजे ती वाकडी रेघ, विहीर सोडून जाणारी.

मी म्हटलं, "चाचा, मोजणीवाल्यांवर ढकला."

"काहून? रेघ तं म्या मारली."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा कुर्ता घालून ते एस्टीने अमरावतीला गेले आणि पाटबंधारे खात्याच्या साहेबांसमोर, कचेरीभर ऐकू जाईल असं, स्वतःची चूक सांगून आले. विहीर वाचली. त्या कचेरीचं काम मात्र त्यांना पुन्हा मिळालं नाही. पुढे दुसरीकडचा कोणीही मोजणीवाला आला की कागद हातात घेण्याआधी विचारायचे, "आधी सांगा, जेवले कुठी?"

चाचा गेले, त्या दिवशी मावशीने पायरीवर फुलं मांडली नाहीत. सगळी टोपली त्यांच्या दारी नेऊन दिली. आता भिंतीपलीकडे कोणी आकडे म्हणत नाही. माझ्या वह्या पहिल्याच मोजणीत बरोबर भरतात, आणि मला ते मुळीच आवडत नाही.