मायची नवी झडप

इंग्लंडमध्ये नर्सची नोकरी लागून मला दोन वर्षं झाली होती. एके दिवशी ड्यूटीवर असतानाच पोटात कळा यायला लागल्या आणि ज्या हॉस्पिटलात मी काम करत होते तिथंच माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी घरी सोडलं. पेशंट तिथून एक पैसाही न भरता घरी जातात हे मी रोज बघत होते. तरी पिशवी घेऊन खाली आल्यावर माझी नजर पैसे भरायची खिडकी शोधायला लागली. अंगातली सवय होती ती.

संध्याकाळी मायला फोन केला. मानवतला आमची पिठाची गिरणी आहे. वडील गेल्यापासून ती एकटीच चालवते. गिरणी बंद करून ती फोनवर आली.

"किती घेतले?" हा तिचा पहिला प्रश्न.

"काहीच नाही."

"काहीच न्हाई? गोळ्या-औषधाचे पण?"

"ॲडमिट असताना नाही."

"मग त्यांचं भागतं कसं?"

मी सांगितलं की तिथं सगळ्यांच्या कमाईतून सरकार आधीच कापून घेतं, त्यातून दवाखाने चालतात. आणि सगळं काही गोड नाही हेही सांगितलं. आमच्या वॉर्डातल्या एका सहकारिणीची आई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वर्षभरापासून यादीत होती. अजून नंबर आला नव्हता. मग मायला तिच्या बहिणीचा मुलगा आठवला. तो अमेरिकेत असतो. त्याचं मनगट मोडलं होतं. विमा असूनही सहा महिने बिलाची पत्रं येत राहिली, नुसत्या ॲम्ब्युलन्सचंच एक वेगळं पत्र आलं होतं.

"म्हणजे एका देशात पैसा न्हाई पण रांग, अन् दुसऱ्या देशात इमा काढून पण बिलं," माय म्हणाली. "अन् आपल्याकडं?"

विषय तिथंच राहिला.

त्याच हिवाळ्यात मी सहा आठवड्यांची रजा घेऊन आले. आल्या दिवशीच माझ्या लक्षात आलं, माय पहिल्यासारखी नाही. गव्हाचा डबा उचलून गिरणीच्या तोंडात ओतायचा, की भिंतीला हात लावून उभं राहायचं. गिऱ्हाईकाला वाटायचं, बाई दळण बघतेय. मला कळत होतं की ती श्वास जमवतेय. पाय सुजलेले होते, चप्पल बदलून मोठी घेतलेली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पिठानं होतं तसं. नाकात जातं न."

मी स्टेथोस्कोप लावला. छातीत ठोक्यांबरोबर घरघर ऐकू येत होती; हे पिठाचं काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी परभणीला नेऊन सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी केली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयातली एक झडप आकसून अगदी बारीक फट उरली होती. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, त्यांनी विचारलं. मायला आठवत होतं. त्या तापानं हे तेव्हाच करून ठेवलं होतं आणि कुणालाच पत्ता नव्हता. ऑपरेशन करून नवी झडप बसवायला लागणार होती, आणि लांबवून चालणार नव्हतं.

खर्चाचा आकडा मायनं दोनदा विचारून घेतला. मी मात्र हिशोब करूनच आले होते. बाहेर येताच म्हटलं, "माय, काळजी करू नको. माझ्याकडं आहेत. मी भरते."

आम्ही बसस्टँडवर आलो. मानवतची बस लागलेली होती. चढायच्या आधी ती थांबली.

"तुला तिकडं बिल आलं न्हाई."

"नाही आलं."

"तू त्या देशात जाऊन दोन वर्षं झाली. मी या देशात जन्मले. मग मला कामून बिल?"

"तिथली पद्धत वेगळी आहे, माय. तिथं आधी पगारातून..."

"मी भरलं न्हाई का? गिरणीचं लाइटबिल भरते, साबण घेते, तेल घेते. सगळ्यात सरकारचा वाटा ऱ्हातो म्हणतेत. हितं पण फुकट ऑपरेशनची सरकारी योजना हाय. शेजारच्या बाईच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं त्याच्यात. मी माझ्या रेशनकार्डावर करणार."

खरं सांगते, मला राग आला. इतकी वर्षं मी लांब राहून कमावलं ते कशासाठी? आणि भीतीही होती, कागदांच्या मागे फिरता फिरता काही झालं तर? मी म्हटलं, "आठ दिवस. आठ दिवसांत काम झालं नाही तर मी पैसे भरणार." ती हो म्हणाली.

अडचण पहिल्याच दिवशी निघाली. रेशनकार्डावर तिचं सासरचं नाव होतं, आधारकार्डावर माहेरचं. संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका होत्या. तहसीलमधले कारकून म्हणाले, अर्ज ठेवा, पंधरा दिवसांनी या. मी हुज्जत घालायला लागले, तर मायनं मला मागं केलं. परभणीच्या डॉक्टरांचं ते चित्र तिनं पिशवीतून काढलं आणि त्यांच्या टेबलावर पसरलं.

"साहेब, ही माझी झडप हाय. ही बारीक फट दिसायली का? येवढ्यातून सगळं रगत जायलंय. आता तुमी सांगा, पंधरा दिवस हिला थांब म्हणू का?"

कारकुनांनी चित्र बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. "बसा मावशी," म्हणाले आणि स्वतः उठून आत साहेबांकडं गेले. बाहेर येऊन लग्नाचा दाखला लागेल म्हणाले, तो आमच्याकडं नव्हता. मग लग्नाला हजर असलेली गल्लीतली दोन माणसं मी रिक्षानं आणली, शपथपत्र झालं. पाचव्या दिवशी दोन्ही कार्डांवर एकच बाई होती.

छत्रपती संभाजीनगरच्या ज्या खासगी हॉस्पिटलात योजनेतून हे ऑपरेशन व्हायचं, तिथं आम्ही रेल्वेनं गेलो. तपासण्या झाल्या, कागद वर गेले, मंजुरी आली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काउंटरवरून बोलावणं आलं. योजनेत न बसणाऱ्या औषधांसाठी आधी काही रक्कम जमा करा, असं तिथल्या माणसानं सांगितलं. माझा हात पर्सकडं गेलाच. उद्या ऑपरेशन, आता वाद नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मायनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात तेव्हा फारशी ताकद नव्हती, पण मी थांबले.

"कोणती औषधं, ती लिहून द्या," ती त्या माणसाला म्हणाली. "अन् खाली सही करा."

"लिहून नाही देत आम्ही."

"मग मी पण लिहून घेतल्याबिगर देत न्हाई."

योजनेच्या रुग्णांना मदत करायला तिथं एक आरोग्यमित्र मुलगी बसायची. पंचविशीतली असेल. माय सावकाश चालत तिच्या टेबलापाशी गेली आणि झालं ते सगळं सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं, हातातला पेन ठेवला आणि आमच्याबरोबर काउंटरवर आली. आवाज न चढवता म्हणाली, "या पेशंटची मंजुरी आलेली आहे. यांच्याकडून पैसे घेता येत नाहीत. घ्यायचेच असतील तर पावती फाडा, मी ती वर पाठवते."

काउंटरवरचा माणूस आत गेला. बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, "काही भरायची गरज नाही."

माय वॉर्डात परत येऊन कॉटवर बसली. धाप लागलेली होती, पण चेहरा असा उजळला होता की शेजारच्या कॉटवरच्या बाईनं विचारलं, "काय हो, सुट्टी झाली का?"

ऑपरेशन साडेचार तास चाललं. मी नर्स आहे, आत काय काय होतं ते मला पाठ आहे, म्हणूनच बाहेर बसवत नव्हतं. सर्जन बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, "झडप छान बसलीय." मी त्यांना नमस्कार करायला वाकले आणि तिथंच खाली बसून रडले. दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी काढल्यावर मायचा पहिला शब्द होता, "पाणी." दुसरा, "गिरणीला कुलूप हाय न?"

दहाव्या दिवशी सोडलं. कागदावर अंगठा नको, सही करते म्हणाली आणि केली. घरी जायच्या प्रवासाचं भाडंही योजनेतून हातावर ठेवलं, तेव्हा तिला विश्वासच बसेना. "जाताना आपल्यालाच देतेत?" असं तिनं मला दोनदा विचारलं. मग त्या आरोग्यमित्र मुलीला जवळ बोलावून तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मुलगी लाजली आणि हसली.

इंग्लंडमधल्या माझ्या वॉर्डच्या सिस्टरनं रजा तीन आठवडे वाढवून दिली. मी तिकडं परत गेले तेव्हा माय घराच्या बाहेर खुर्ची टाकून बसायला लागली होती. गिरणी सुरू करायला आणखी दोन महिने लागले. रक्त पातळ ठेवायची गोळी तिला जन्मभर घ्यायची आहे. दर महिन्याला रक्त तपासायला ती परभणीला एसटीनं एकटी जाते आणि रिपोर्टचा फोटो मला न चुकता पाठवते. मी तो इंग्लंडच्या वॉर्डात चहाच्या सुट्टीत बघते.

यंदा परत घरी गेले होते. दुपारी गिरणी रंगात आलेली असताना लाइट गेली. पट्टा फिरायचा थांबला, घरघर विरली, गिऱ्हाईक बायका डबे ठेवून सावलीला गेल्या. इतकी शांतता झाली की मला एक बारीक आवाज ऐकू आला. टिक, टिक, टिक. मी भिंतीवर घड्याळ आहे का बघायला लागले.

"घड्याळ न्हाई ते," माय म्हणाली. तिनं माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. धातूची झडप उघडमिट करत होती. एका तालात, जराही न अडखळता. "रोज ऐकते मी. लय ग्वाड वाजती."

मी ऐकत राहिले. तेवढ्यात लाइट आली, मोटार गुरगुरली, आणि माय माझा हात बाजूला करून उठली. बाहेरच्या बायकांना तिनं हाक मारली, पहिला डबा स्वतः उचलला आणि गिरणीच्या तोंडात ओतला.