टाळावर पारखलेले स्पीकर

बेंबळीचे बब्रुवान तीस वर्षं मांडव आणि लाउडस्पीकरचा धंदा करतात. लग्न असो की सप्ताह, त्यांचे कर्णे बांधलेले असत. कर्णा थोड्या विजेवर लांबपर्यंत पोचतो, पण जवळ बसलेल्याच्या कानात खिळ्यासारखा घुसतो.

त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गावच्या भजनी मंडळात पुढं बसून गात. दोन वर्षांपूर्वी त्यांना कानाचा आजार झाला. तो बरा झाला, पण कर्कश आवाज सोसेना. आधी त्या कानात कापूस घालून देवळातल्या खांबामागं बसू लागल्या, मग येईनाशाच झाल्या.

बब्रुवान यांनी उपाय म्हणून हजार वॅटचे बॉक्स आणले. सप्ताहात वीज गेली. बॅटरीवर ते बॉक्स कुजबुजू लागले आणि पुन्हा कर्णे जोडावे लागले.

घरी सत्यभामाबाईंनी विचारलं, "पेंड लई खाती म्हणून म्हैस इकत घेता का तुमी? वॅट म्हंजे खुराक. दूध किती, ते इचारलंत?"

"न्हाय," बब्रुवान म्हणाले.

"मग आता मलाच न्या बाजाराला."

सोलापुरातल्या दुकानात विरुपाक्ष नावाच्या तरुण दुकानदारानं एक दणदणीत गाणं लावलं. काउंटरची काच थरथरली. बब्रुवान खूश झाले. सत्यभामाबाईंनी पिशवीतून टाळ काढले.

"मावशी, खरेदीला आलात का भजनाला?"

"दोन्हीला. माईक दे. अन् त्या आवाजाच्या बटनाला हात लावू नको, सगळ्या स्पीकरांना सारखंच ठेव."

पहिल्या स्पीकरवर टाळ कानाला चावला. दुसरा गोड होता, पण इतका हळू की बटण निम्म्याहून वर न्यावं लागलं असतं. तिसरा कोपऱ्यात धूळ खात होता. लाकडी बॉक्स, आत थरथरणारा मोठा कागदी पडदा, रुंद तोंडाचा भोंगा. जुन्या घडणीचा म्हणून कुणी घेत नसे. त्याच बटणावर तो दुकान भरून वाजला. टाळाचा ठोका खणखणीत उमटला, आणि त्यामागची बाईंची हळू गुणगुणही स्पष्ट आली. बाईंनी कानातला कापूस काढला आणि स्पीकरच्या आणखी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

बब्रुवान अजून शेजारच्या नव्या, चकचकीत बॉक्सकडं बघत होते. विरुपाक्ष म्हणाला, "काका, ते महाग आहेत, विकले तर फायदा माझाच. पण तुम्ही मावशींचं ऐका."

विकणाऱ्यानं असं सांगावं, याचं बब्रुवान यांना अजून अप्रूप आहे. आलेल्या-गेलेल्याला ते सांगतात, "कान हिचे, सल्ला त्या पोराचा. म्या फक्त टेम्पोत टाकून आणलं."

पुढच्या सप्ताहात तिसऱ्या दिवशी भजन चालू असताना वीज गेली. दिवे विझले, पण बॅटरीवर आवाज तसाच राहिला. अंधारात गाणारीनं कडवं सोडलं नाही. पहिल्या ओळीत बसून सत्यभामाबाई गात होत्या.

हुरड्याच्या दिवसांत त्यांनी विरुपाक्षसाठी हुरड्याची पिशवी पाठवली. ती मिळाल्यावर त्याचा फोन आला. "काका, कसे वाजतात स्पीकर?"

बब्रुवान यांनी फोन बायकोच्या हातात दिला.

"ते वाजत्यात असं वाटतच न्हाय बाबा," त्या म्हणाल्या. "मी गाते तेवढंच ऐकू येतं. देव तुझं भलं करो."